नारबोदीनं नेलेलं इंजिन

करंजटोल्याच्या परसरामला बंद पडलेलं यंत्र बघवत नसे. काही माणसांना दुसऱ्याचं दुःख बघवत नाही. ती माणसं चांगलीच, आणि त्यांच्या बायकांना निदान घरात पाय ठेवायला जागा तरी मिळते. परसरामच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, घड्याळं होती, शिवणयंत्राचं नुसतं मुंडकं होतं, दांडे नसलेल्या छत्र्या होत्या, आणि तिरोड्याच्या कुण्या मास्तरानं कंटाळून देऊन टाकलेला ग्रामोफोन होता. यातलं काहीच चालत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. घड्याळ चालायचं, फक्त टोले आपल्या मर्जीनं द्यायचं. ग्रामोफोनही वाजायचा, पण गाणाऱ्या बाईचा त्यात बुवा व्हायचा. प्रत्येक दुरुस्तीनंतर थोडे स्क्रू उरत. ते तो एका डब्यात टाकी आणि म्हणे, "कारखानेवाले फालतूचे जास्त टाकून देतेत."

जात कोहळ्याची. बापजाद्यांनी तलाव बांधले, त्यांना मातीच्या बांधांच्या पाळी घातल्या, नहर काढले. पाणी कुठून कुठं जाईल हे त्या घरातलं शेंबडं पोरही सांगे. परसरामलाही ते येत होतं, पण पाणी न सांगता खाली वाहतं, त्यात त्याला गंमत वाटत नसे. त्याला हवी होती हट्टी वस्तू. धानाची शेती तो नीट करी, रोवणा वेळेवर, निंदण वेळेवर, आणि चिखलाचे पाय धुतले की सपरीत जाऊन बसे. बायको जमुनाबाई हे सगळं सोसत होती. शेजारणी तिला म्हणत, "तुझा मानूस दारू पेत नाई, पत्ते खेळत नाई, नशीबवान हायेस." त्यावर ती म्हणे, "दारूच्या बाटलीले जागा थोडी लागते."

मालगुजारी गेली त्या सुमारास गावचे मालगुजार नागपूरला राहायला गेले आणि मागे गोठ्यात एक तेलावर चालणारं इंजिन सोडून गेले. इंग्रजी काळातलं, काळंकभिन्न, माणसाच्या छातीइतकं उंच चाक असलेलं. सोबत धान कांडायचा एक हलरही होता. पहिल्याच हंगामात इंजिन जे बसलं ते बसलं. गोठ्यात जागा करायची होती, म्हणून दिवाणजीनं परसरामला सांगितलं की न्यायचं तर ने, पण परत आणू नको. परसरामनं शेजारच्या देवचंदची बैलगाडी जोडली. हलर त्यानं गोठ्यातच राहू दिला, कारण त्यात फारसं काही बिघडलेलं नव्हतं.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं जमुनाबाईचं झालं. ते धूड सपरीत मावेना, म्हणून ते ढोलीच्या खोलीत गेलं. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची, शेणानं सारवलेली मोठी कणगी. ढोली भिंतीला सरकली आणि खोलीच्या मधोमध इंजिन बसलं. मग परसरामनं ते खोललं. प्रत्येक तुकडा घासलेटात धुवून, पुसून, त्यानं जमिनीवर ओळीनं मांडला. त्या खोलीत जायचं तर लंगडी घालत जावं लागे.

तो गोंदियाला जाऊन आला. भंगारवाल्यानं दट्ट्या हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "अरे दादा, ये इंजन तो कब का मर गया. अब इसका किरिया-करम करो." परसराम हसला, जुन्या ट्यूबचं रबर आणि चामड्याचा एक तुकडा घेऊन परत आला. मेलेलं इंजिन आणि झोपलेलं इंजिन यातला फरक शहरातल्या माणसाला काय कळणार, असं त्याचं मत होतं.

जमुनाबाई मोठ्यानं बोलत नसे. हीच तिच्यातली धोक्याची गोष्ट होती. पोळ्याच्या आधी एका सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या ती हळूच म्हणाली, "दिवाळी झाली का धान येते. ढोलीच्या खोलीत तुमचं लोखंड हाये. एक तं धान राहीन, नाई तं लोखंड राहीन."

"मंडईले चालू करून देतो ना वो," परसराम म्हणाला. दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडईची जत्रा हा तिकडचा मोठा दिवस.

"कोन्या सालच्या मंडईले?"

परसरामनं याला विनोद समजून हसून घेतलं. इथंच त्याचं चुकलं.

पोळ्याला बैल सजले, तोरण तुटलं, परसराम पुरणपोळ्या दाबून जेवला आणि आडवा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच गावात नारबोद निघाली. झाडीपट्टीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हे असतंच: दारापुढं लावलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, नारबोदीचं, म्हणजे रोगराई नेणाऱ्या राक्षसिणीचं, बाहुलं घ्यायचं, आणि घरातली इडापीडा तिच्यासोबत गावाबाहेर धाडायची. "खासी-खोकला घेऊन जा गे नारबोद! ढेकूण-मच्छर घेऊन जा गे नारबोद!" असं ओरडत सगळे आखरावर जातात. आखर म्हणजे गावची ढोरं जमतात ती सीमेवरची मोकळी जागा. तिथला दगड ओलांडला की गाव संपलं. करंजटोल्याचा नेम असा की दगडापलीकडे जे नारबोदीला दिलं ते पुन्हा गावात आणायचं नाही. आणील कोण? खोकला कुणाला हवा असतो?

परसरामला ओरडण्यानं जाग आली. गर्दीत जमुनाबाईचा आवाज ऐकून त्याला आधी नवल वाटलं, कारण तिचा आवाज गल्लीत कधी कुणी ऐकलाच नव्हता. ती म्हणत होती, "लोखंड घेऊन जा गे नारबोद!" आणि तिच्यामागं गावच्या बाया, प्रत्येकीच्या टोपल्यात इंजिनाचा एकेक तुकडा, रांगेनं चालल्या होत्या. चाक पोट्ट्यांनी गडगडत नेलं होतं. मधलं धूड देवचंदच्या गाडीवर होतं, आणि देवचंद बैलांच्या शेपट्यांकडे पाहत गाडी हाकत होता.

परसराम धोतर सावरत धावला, पण तोवर शेवटची टोपली दगडापलीकडे रिती झाली होती. त्यानं देवचंदची मानगूट धरली. "तू बी काऊन रे?"

"का करू गा," देवचंद म्हणाला. "तिनं भांडून म्हटलं असतं तं मी नाई म्हटलं असतं. तिनं हळूच म्हटलं, बैल जोडा."

गावचे पंच गुलाबचंद. वय झालेलं, दात गेलेले, आणि निकाल द्यायची हौस दाटून आलेली. बरेच महिने गावात भांडणच झालं नव्हतं, त्यामुळे ते तयारच बसले होते. परसरामनं बाजू मांडली की नारबोद रोगराई नेते, यंत्र नेत नाही. गुलाबचंदांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "उद्या कोनी मनंन का मले माझा खोकला वापस पाह्यजे, तं द्याचा का? जे गेलं ते गेलं. भायेर तुले का करायचं ते कर. पन त्या लोखंडाले हात लावून गावात येशीन तं पयले तलावात बुडी मारून येजो."

जमुनाबाई तिथंच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "ते माझ्या घरात वापस येनार नाई." ते सगळ्या गावानं ऐकलं.

दुसरा कुणी असता तर रुसला असता. परसराम जंगलाकडून बल्ल्या घेऊन आला, आखरापलीकडे चार खांब रोवले, वर पळसाचा पाला टाकला आणि त्याखाली आपला कारखाना मांडला. पाण्याचा उतार पाहून भोवती नाली खणली. तेवढं बापजाद्यांचं ज्ञान कामी आलं. मग पालापाचोळ्यातून एकेक तुकडा वेचून त्यानं पुन्हा ओळीनं मांडला. त्याला एकच गोष्ट हवी होती: इंजिन चालू करायचं आणि मानानं आपल्या घरी परत न्यायचं. गावालाही बसल्याजागी करमणूक झाली. ढोरं सोडायला आलेली माणसं ढोरांना विसरून तिथंच बसू लागली. प्रत्येकाला इंजिनातलं काही ना काही कळत होतं, फक्त दोघांचं एकसारखं नसे.

संध्याकाळी मात्र तलावात बुडी. भाद्रपदात गंमत वाटली, आश्विनात अंगावर काटा आला. मग परसरामनं कायद्यात फट शोधली. अख्खं इंजिन आणायचं नाही ना? तर तुकडे आणू. एकदा तेल फवारायची पितळी तोटी त्यानं धोतराच्या सोग्यात खोचली आणि साळसूदपणे घरी येऊन जेवायला बसला. जमुनाबाईनं ताट वाढलं. मग हवेत जरासं हुंगलं, उठली आणि त्याच्या ताटाशेजारी दुसरं ताट मांडलं.

"कोन येऊन राह्यलं?" त्यानं विचारलं.

"तुमच्या सोग्यात पाव्हना हाये. त्याले भात वाढू का नुसतं घासलेट चालंन?"

परसराम उठला, आखरावर जाऊन तोटी ठेवून आला, वाटेत पुन्हा बुडी मारली, आणि गार झालेला भात निमूट जेवला. जमुनाबाई हसली नाही. ती मागच्या दारी जाऊन हसली, हे शेजारणींनी पाहिलं.

दिवाळी झाली. मंडईचा दिवस आला. आखरावर दुकानं लागली, शिंगाडे उकडले, झुले लागले, रात्रीच्या दंडारीच्या नाटकासाठी मांडव पडला. परसरामनं इंजिनाला हार घातला. त्या जातीच्या इंजिनाच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असतो. तो दिव्याच्या आचेनं लाल तापवायचा आणि मग चाक हातानं झोकायचं. गोळा तापला. भोवती माणसांचं कोंडाळं झालं. परसरामनं चाक झोकलं. ते अर्धं फिरलं, अडखळलं, हिसका देऊन मागं आलं, आणि ढुम्म्. मग ढुम्म् ढुम्म्. धुराचे गोल गोल काळे पुंजके निघाले. इंजिन चालू झालं होतं.

टाळ्या वाजणार एवढ्यात कुणीतरी ओरडलं, "उलटं फिरून राह्यलं गा!"

खरंच उलटं फिरत होतं. चाकावरच्या बाणाची दिशा एक, चाकाची दिशा दुसरी. जोडताना कुठला तरी तुकडा उफराटा बसला होता. पण करंजटोल्यात एवढा साधा अर्थ कोण काढतो? चुडैलीचे पाय उलटे असतात हे पोरासोरांना माहीत. इंजिन नारबोदीसोबत राहून आलेलं. बघता बघता कोंडाळं पसरलं, शिंगाडेवाला आपली टोपली घेऊन पळाला, आणि गुलाबचंद म्हातारपण विसरून दगडाच्या अलीकडे सर्वांत आधी पोचले.

परसरामला पर्वा नव्हती. त्याचे डोळे भरून आले होते. उलटं काय नि सुलटं काय, चालत होतं. त्यानं दगडाकडे पाहिलं. जमुनाबाई अलीकडे हाताची घडी घालून उभी होती. ती काही बोलल्यासारखी वाटली, म्हणून तो धावत जवळ गेला.

"चालते तं चालते," ती म्हणाली. "करते काय?"

इतके महिने परसरामनं प्रत्येक नटाचा विचार केला होता. हा विचार त्याला शिवलाही नव्हता. यंत्र चालतं, आणखी काय करायला हवं? पण प्रश्न असा होता की त्याला उत्तर नाही म्हटलं तर सगळी मेहनत पोरखेळ ठरत होती. तो मनातून खट्टू झाला. जमुनाबाई पाठ फिरवून निघाली आणि जाता जाता म्हणाली, "गोठ्यात हलर तसाच हाये ना अजून? रोज मुसळ मारू मारू माझा खांदा गेला."

हलर आला. खांब रोवून बसवला, मोठ्या चाकाचा पट्टा त्याला जोडला. धान मात्र कोणी देईना. शेवटी देवचंदनं नारबोदीच्या दिवसाचं प्रायश्चित्त म्हणून एक टोपलं दिलं. इंजिन सुरू झालं, हलर फिरू लागला, परसरामनं वरून धान ओतलं आणि हलरानं ते सगळंच्या सगळं त्याच्या तोंडावर परत फेकलं. इंजिन उलटं, म्हणून हलरही उलटा. त्यानं पुन्हा ओतलं, पुन्हा तोंडावर. दगडाच्या अलीकडं बसलेला गाव पोट धरून हसला. देवचंद म्हणाला, "नारबोद मनते, मले धान नोको."

इंजिन परत खोलून तो उफराटा तुकडा शोधणं एवढा एकच मार्ग होता, आणि ते करायची परसरामची छाती होईना. मोठ्या मुश्किलीनं उठलेलं, पुन्हा झोपलं तर? तो डोक्याला हात लावून बसला. दगडाजवळून जमुनाबाईनं हाक मारली. ताक करताना रवीला दोरी जशी गुंडाळावी तशी रवी फिरते, हे ती आयुष्यभर पाहत आली होती. तिनं दोन बोटं एकमेकांवर आडवी ठेवून दाखवली. "पट्ट्याले आढी मारा ना."

परसरामनं पट्टा काढला, मध्ये एक पीळ देऊन फुलीसारखा घातला, आणि चाक झोकलं. इंजिन आपल्या हट्टानं उलटंच फिरलं. हलर सुलटा फिरला. खाली पांढरा तांदूळ पडू लागला.

आता गावापुढं खरा पेच आला. तांदूळ डोळ्यांसमोर होता, बायांचे खांदे दुखत होते, आणि तांदूळ कांडला होता नारबोदीच्या इंजिनानं. तो गावात न्यायचा कसा? गुलाबचंदांना पुन्हा बसवलं. त्यांच्या घरचंही धान ओसरीवर येऊन पडलं होतं आणि त्यांच्या सुनेनं सकाळीच मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं होतं, त्यामुळे निकालाला वेळ लागला नाही. ते म्हणाले, "परसराम गावात येते तं आंघोय करून येते. तांदूळ बी शिजवाच्या पयले धुतातच. त्याची आंघोय होऊन जाते. आनू द्या."

मग काय, आखरावर रीघच लागली. आसपासच्या टोल्या-वाड्यांवरूनही गाड्या येऊ लागल्या. ज्यांनी टोपल्यांतून इंजिन बाहेर टाकलं होतं त्याच बाया त्याच टोपल्यांत धान घेऊन रांगेत बसू लागल्या आणि आधी नंबर कुणाचा यावरून भांडू लागल्या. उलट्या पायांच्या इंजिनाला रोज हळदकुंकू लागे. एवढ्या गर्दीत कुणी नट-बोल्ट लंपास करू नये म्हणून परसराम तिथंच झोपू लागला, तिथंच जेवण मागवू लागला. डबा देवचंद आणी. बुडीचा प्रश्न आपोआप मिटला, कारण गावात जायचंच नव्हतं.

गुलाबचंद एकदा स्वतः म्हणाले, "बहुत झालं गा. ने आता इंजिन घरी, मी माफ केलं."

आता परसरामची पाळी होती ताठायची. "तुमी माफ करून का होते? जिनं काढलं तिनं बोलवावं."

हा निरोप देवचंदनं जमुनाबाईला पोचवला. ती म्हणाली, "सगळ्या गावासमोर शब्द देला मी. माझ्या घरात ते येनार नाई." तिनं डबा भरून दिला. वरणावर तूप नेहमीपेक्षा जास्त होतं, पण शब्द तो शब्द. देवचंद दोन्हीकडच्या निरोपांनी पार थकून गेला. इंजिन घरी येत नाही, परसराम इंजिन सोडत नाही, आणि बाई बोलावत नाही. गावात पैजा लागल्या की आधी कोण वाकतं. बहुतेकांनी परसरामवर लावली, कारण त्यांनी जमुनाबाईला पाहिलं होतं.

माघातल्या एका सकाळी हलर जोरात चालू होता. गुलाबचंदांच्या घरचं धान वर ओतलेलं, कोंडा उडतोय, बाया ओरडून बोलताहेत. गावाकडून देवचंदची गाडी आली. गाडीवर रिकामी केलेली ढोली उभी होती, तिच्याभोवती धानाची पोती, जातं, हंडे, वळकट्या, आणि पुढं जमुनाबाई. दगडापाशी गाडी थांबेल म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. गाडी थांबली नाही. दगड ओलांडून ती सरळ पळसाच्या मांडवाशी आली.

जमुनाबाई खाली उतरली आणि परसरामला काहीतरी म्हणाली. इंजिनाच्या आवाजात त्याला ओठच हललेले दिसले. "का म्हटलं?" तो ओरडला. ती पुन्हा तेवढ्याच हळू बोलली. आवाज चढवायची तिची पद्धत नव्हती. गुलाबचंदांच्या सुनेनं "माझं धान, माझं धान" केलं, तरी परसरामनं तेल तोडलं. इंजिन दोन-तीनदा खोकलं आणि थांबलं. आखरावर एकदम शांत झालं.

"काऊन आली?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"बाया मले विचारत जात, नारबोदीनं तुझं का नेलं मनून," जमुनाबाई म्हणाली. "मी सांगो, इंजिन नेलं. काल एकटीच जेवत होती तं समजलं का इंजिन नाई, घरचा मानूसच देऊन बसली मी. नेलेलं वापस आनता येत नाई, हे मी बी जानतो. मंग मनलं, आपनच जाऊन राहू."